आधी तोंडाने काढा, मग सिंथवर

नागपुरात सक्करदऱ्यात माझ्या बाबांचं मोटर वाइंडिंगचं दुकान आहे. एप्रिल-मे हा त्यांचा सीझन. कूलरच्या मोटरी दुकानाबाहेर फुटपाथपर्यंत येतात. गिऱ्हाईक मोटर टेबलावर ठेवतं न ठेवतं तोच बाबा विचारतात, "आवाज कसा करते?" "नुसती गुणगुणते, फिरत नाही" म्हटलं की कपॅसिटर. "घरघर" म्हणजे बेरिंग. "टकटक" म्हणजे पातं कुठंतरी लागतंय. मीटर नंतर निघतो, आणि बहुतेक वेळा बाबांचंच खरं निघतं.

मी त्याच दुकानाच्या माळ्यावर बसून इलेक्ट्रॉनिक संगीत करतो. गेल्या वर्षी चार महिने मी पार अडकलो होतो. रोज रात्री लॅपटॉप उघडायचा, सिंथचे, म्हणजे आवाज घडवायच्या सिंथेसायझरचे, प्रीसेट (आयते आवाज) एकामागून एक वाजवायचे आणि फिरून फिरून त्याच एका डिट्यून केलेल्या सॉ बेसवर (करवतीच्या दातांसारख्या लहरीचा, किंचित बेसूर करून जाड केलेला खालचा आवाज) यायचं. एका मित्राने तीन ट्रॅक ऐकले आणि विचारलं, "तुझ्या सगळ्या गाण्यात एकच ट्रक येतो का बे?" मी दोन प्लगइन (लॅपटॉपवर चालणारे सिंथ) विकत घेतले, ट्युटोरियल पाहिले, सॅम्पल पॅक (आयत्या रेकॉर्डिंगचे गठ्ठे) उतरवले. ट्रक तोच राहिला.

एका रात्री बाबा वर आले. "काय शोधतो बे इतका वेळ?"

"आवाज."

"कसा पाहिजे?"

मला सांगताच येईना. "म्हणजे गिऱ्हाईकालाच माहीत नाही काय बिघडलं ते," असं म्हणून ते खाली गेले.

माझा अडकलेला गाडा त्या प्रश्नापासून सुटला. प्रीसेट चाळणं म्हणजे दुसऱ्याच्या कपाटात आपला सदरा शोधणं. आधी हवा असलेला आवाज तोंडाने काढता आला पाहिजे. तबला शिकणारा पोरगा बोल आधी म्हणतो, मग वाजवतो. त्याला पढंत म्हणतात. सिंथसाठीही तेच करायचं. आणि आपल्या मराठीत आवाजांचे शब्द इतके आहेत की तेवढ्यावरच वर्षभर काम निघेल.

अक्षर म्हणजे बटण

टक, टण, टर्र, टप हे शब्द मोठ्याने म्हणून पाहा. सुरुवात चौघांची सारखी, कडक. फरक शेवटात आहे. "क" आवाज दाबून टाकतो, "ण" घुमत ठेवतो, "र्र" त्याला कापरं भरवतो. फस्स, भुस्स यांच्या शेवटी नुसती हवा उरते. म्हणजे पहिलं व्यंजन हा अटॅक (आवाज किती झटकन चढतो), शेवटचं अक्षर हा डीके आणि रिलीज (तो कसा उतरतो आणि विझतो).

सिंथवर हे असं उतरतं. अटॅक शून्य ठेवा. "टक"साठी डीके ५० मिलिसेकंद, "टण"साठी ४००, "टणण"साठी दोन सेकंद. धातूचा नाद हवा असेल तर एफएममध्ये (एका लहरीने दुसरीला हलवायची पद्धत) मॉड्युलेटरचं, म्हणजे हलवणाऱ्या लहरीचं, मूळ लहरीशी गुणोत्तर पूर्णांकात ठेवू नका. २ किंवा ३ ठेवलं तर स्वर सुरेल, एकसंध लागतो. १.४१ ठेवा, भांडं वाजेल.

मधला स्वर म्हणजे फिल्टर, आवाजाची चाळणी. किणकिण, खणखण, ढुमढुम हे एकामागून एक म्हणा. आवाज खाली उतरत, जाड होत जातो. हा नुसता भास नाही. तोंडाने "ई" म्हणताना दुसरा फॉर्मन्ट (तोंडाची पोकळी जिथं घुमते ती पट्टी) साधारण २००० हर्ट्झच्या वर असतो, "ऊ" म्हणताना १००० च्या खाली येतो. म्हणून बँडपास फिल्टर (मधला एक पट्टाच जाऊ देणारा) २२०० च्या आसपास लावला की आवाज किणकिणतो आणि ८०० वर आणला की ढुमढुमतो. घ, ढ, ध, भ यांनी सुरू होणारे शब्द जड असतात, त्यांना खाली एक साइन वेव्ह, म्हणजे साधी गोल लहर, द्या. ख, ट, प वाल्यांना देऊ नका.

शब्द दोनदा आला (थरथर, भणभण) तर समजा एलएफओ लागणार, म्हणजे आवाजाला ठरावीक वेगाने हलवणारी सावकाश लहर.

एक आवाज पुरता करून पाहू: घरघर

मी हा बाबांच्या टेबलावर पडलेल्या मोटरीवरून केला. कूलरची मोटर मिनिटाला सुमारे १४०० फेरे घेते, म्हणजे सेकंदाला २३ च्या वर. पाती तीन. म्हणजे सेकंदाला साधारण ७० वेळा पातं समोरून जातं. म्हणून सॉ वेव्ह ७० हर्ट्झच्या आसपास, सी शार्प २ वर लावा. आता एक पातं थोडं वाकलेलं आहे असं समजा. मग प्रत्येक फेऱ्याला एक हेलकावा बसेल. आवाजाच्या पातळीवर २३ हर्ट्झचा एलएफओ लावा. लोपास फिल्टर (वरचं कापणारा) ४०० वर. वरून थोडा नॉइज (सूर नसलेली सळसळ), बँडपास करून, हवेसाठी. शेवटी एलएफओच्या वेगाला किंचित अनियमितपणा द्या, कारण आमच्याकडे व्होल्टेज कधी एक जागी उभं राहत नाही.

आता तो एलएफओ ६ हर्ट्झवर आणा. थरथर ऐकू येते, प्रत्येक कंप वेगळा मोजता येतो. हळूहळू वाढवा. २० च्या पुढे कंप मोजता येईनासे होतात आणि आवाजाचा पोतच खरबरीत होतो. १९६७ मध्ये अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठात जॉन चाउनिंग व्हायब्रेटोचा, म्हणजे स्वराच्या उंचीतल्या कंपाचा, वेग असाच वाढवत गेले, तेव्हा कंपाऐवजी नवा नादच ऐकू येऊ लागला. त्यातून एफएम सिंथेसिस निघालं आणि १९८३ मध्ये यामाहाच्या डीएक्स७ या सिंथमधून ते जगभर पोचलं. तुमच्या हातातल्या एलएफओच्या बटणात तो सगळा शोध बसलेला आहे. फक्त एलएफओ पातळीऐवजी स्वराच्या उंचीवर लावून ते बटण नेहमीच्या जागेपुढे ढकलायचं आहे.

घरघर झाली की खरी मजा सुरू होते. शब्दातलं एक अक्षर बदला आणि त्या अक्षराचं बटण तेवढं बदला. घरघर, मग खरखर (खालची जाडी काढा, नॉइज वाढवा), मग किरकिर (फिल्टर वर न्या), मग भिरभिर (डाव्या-उजव्या बाजूला फिरवा). पाऊण तासात मला सात पॅच (सिंथवर जुळवून ठेवलेले आवाज) मिळाले. त्यातले पाच टाकाऊ होते, पण एकाही पॅचमध्ये ट्रक नव्हता.

यंत्राला आपला कान लावणं नवं नाही. मुंबईच्या चित्रपटसंगीतातले वादक चरणजित सिंग यांनी १९८२ मध्ये रोलँड या जपानी कंपनीच्या टीबी-३०३ (बेसचं यंत्र), टीआर-८०८ (तालाचं यंत्र) आणि ज्युपिटर-८ (सिंथ) वर राग वाजवून तबकडी काढली. ३०३ हे यंत्र खरं तर गिटारवाल्यांना बेसची साथ मिळावी म्हणून निघालं होतं. त्यातल्या एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जायच्या सोयीचं त्यांनी काय केलं ते ऐका. यंत्र जपानचं, कान इथला.

काही रोखठोक गोष्टी

गाणं करायचा दिवस आणि आवाज करायचा दिवस वेगळा ठेवा. गाण्याची फाइल उघडी असली की हात घाबरतो आणि ओळखीच्या आवाजाकडेच जातो. मी मंगळवारी फक्त आवाज करतो, चाळीस मिनिटं, घड्याळ लावून. सुरुवात नेहमी रिकाम्या पॅचपासून, म्हणजे इनिटपासून. महागडं काही लागत नाही. सर्ज एक्सटी हा सिंथ फुकट आणि मुक्त स्रोत आहे, व्हायटल या सिंथचीही फुकट आवृत्ती मिळते. यातला एक निवडा आणि सहा महिने दुसऱ्याकडे पाहू नका.

पॅचला मराठी नाव द्या. "पॅड १४" दोन दिवसांत विसरतो. "ओली किणकिण" किंवा "दुपारची भणभण" महिन्याभरानेही कानात वाजते.

मे महिन्यात कूलर चालू ठेवून बेस ठरवू नका. कूलरचा घों-घों खालच्या पट्टीत बसून तुमचा बेस खातो, तुम्ही वाढवत नेता आणि सकाळी ऐकलं की भिंती हलतात. कूलर बंद केला तर लॅपटॉप तापतो आणि आपणही. मी त्या दिवसांत पहाटे पाचला बसतो. दिवसा फक्त रेकॉर्डिंग करतो.

रेकॉर्डिंगला फोन पुरे, सेटिंगमध्ये डब्ल्यूएव्ही (आवाज न दाबणारी फाइल) ठेवा. हवेच्या झोतासमोर धरू नका, बाजूने धरा, वर जुना मोजा चढवा. कूलरच्या टाकीत पडणारं पाणी, इतवारीत भांड्यांच्या दुकानात एकावर एक रचल्या जाणाऱ्या पराती, आमच्या दुकानात उलगडली जाणारी तांब्याची तार, हे माझे साठे. रेकॉर्डिंग चौपट हळू वाजवलं की आवाज दोन सप्तकं खाली जातो. परातीची खण देवळातल्या घंटेच्याही खाली उतरते. फक्त मूळ आवाज सिंथवर पुन्हा घडवायचा प्रयत्न एकदा तरी करा, नुसतं सॅम्पल चिकटवून मोकळे होऊ नका. हुबेहूब जमत नाही, आणि जिथं चुकतं तिथंच नवीन पॅच निघतो.

तरीही एखाद्या मंगळवारी काहीच निघत नाही. मग मी खाली जाऊन बाबांच्या शेजारी बसतो आणि मोटरी ऐकतो. नवा बेस मी त्यांनाही ऐकवला होता. त्यांनी डोळे मिटून दहा सेकंद ऐकलं आणि म्हणाले, "बेरिंग बदल याचं."

जुन्या प्रीसेटच्या फोल्डरचं काय करायचं हा प्रश्न राहतो. एकदम डिलीट करायला धीर होत नाही. मी त्या फोल्डरचं नाव "मारबत" ठेवलं (इडापिडा घेऊन जावी म्हणून नागपुरात मिरवणुकीने नेऊन जाळतात तो पुतळा) आणि पोळ्याच्या दुसऱ्या दिवसापर्यंत हातही लावला नाही. तान्ह्या पोळ्याला सकाळी इतवारीत पिवळी-काळी मारबत पाहून आलो, घसा बसेपर्यंत "घेऊन जा गे मारबत" ओरडलो, आणि घरी येऊन अख्खा फोल्डर उडवला. दोन पॅच तेवढे काढून ठेवले. एकाचं नाव आता "ओली घणघण" आहे, दुसऱ्याला अजून शब्द सापडायचा आहे.