वॉक-इन वॉर्डरोब करून घेताय? या चुका टाळा

वॉक-इन वॉर्डरोबच्या आराखड्यात सहसा आधी भिंती भरल्या जातात. इकडे हँगर, तिकडे फळ्या, वर लॉफ्ट, आणि मग उरेल ती जागा चालायला. हा क्रमच उलटा आहे. या खोलीत रोज घाईच्या वेळी कुणीतरी उभं राहणार आहे, खालचा ड्रॉवर ओढायला वाकणार आहे, हात वर करून हँगर काढणार आहे. त्या माणसाची जागा आधी ठरली पाहिजे आणि त्याचे कपडे आधी मोजले गेले पाहिजेत. लॅमिनेटचा रंग, काचेची शटर, मुठी हे सगळं त्यानंतर. खालच्या चुकांपैकी बऱ्याचशा सुतारकाम पूर्ण झाल्यावर धड दुरुस्त होत नाहीत, म्हणून त्या कागदावरच पकडायला हव्यात.

कपडे न मोजता भिंत मोजणं

सध्याचं कपाट उघडा आणि टेप हातात घ्या. टांगलेले कपडे दाबून न बसवता, हँगर सहज सरकेल इतके मोकळे ठेवले तर किती लांबीचा रॉड लागतो ते मोजा. हे माप तीन वाट्यांत घ्या: शर्ट-टॉपसारखे आखूड कपडे, कुर्ते-ड्रेससारखे मध्यम आणि गाऊन, लांब कोट असे पायघोळ. मग घडीच्या कपड्यांचे ढीग, बुटांचे जोड, पिशव्या, अंथरूण-पांघरूण, प्रवासाच्या बॅगा. साड्या घडी करून ठेवता की हँगरला लावता, हेही आताच ठरवा, कारण त्यावर एक आख्खा खण इकडचा तिकडे होतो. जाड लोकरीचे स्वेटर टांगण्याच्या हिशेबात धरू नका. स्वतःच्याच वजनाने ते ताणले जातात आणि खांद्यांवर हँगरचे उंचवटे उमटतात, त्यामुळे त्यांना फळीच बरी.

दोघांची खोली असेल तर दोघांचं माप वेगळं घ्या. अर्धं तुझं, अर्धं माझं अशी वाटणी दिसायला न्यायाची असली तरी एकाकडे टांगायचे कपडे जास्त आणि दुसऱ्याकडे घडीचे, असं बहुतेक घरांत असतं. जी बेरीज येईल तिच्यावर १५ ते २० टक्के जागा वाढीव धरा. पहिल्याच दिवशी गच्च भरलेलं वॉर्डरोब सहा महिन्यांत खुर्चीवर सांडायला लागतं.

चालायची जागा खाणं

टांगलेल्या कपड्यांना आतून ५५ ते ६० सेंटीमीटर खोली लागते, म्हणजे साधारण दोन फूट. समोरासमोर दोन्ही भिंतींना अशी कपाटं आणि मध्ये ९० सेंटीमीटर वाट धरली तर खोलीची रुंदी किमान २१० सेंटीमीटर हवी. एकट्याला ७५ सेंटीमीटरच्या वाटेत कसंबसं वावरता येतं. मात्र तिथे खालचा ड्रॉवर पूर्ण उघडला की उभं राहायला जागाच उरत नाही, कारण ड्रॉवर स्वतःच ४५ ते ५० सेंटीमीटर बाहेर येतो. दोघं एकाच वेळी तयार होत असतील तर ११० ते १२० सेंटीमीटर धरा.

खोली अरुंद असेल तर कपाटांची खोली सगळीकडे सारखी ठेवण्याचा हट्ट सोडा. समजा रुंदी १८० सेंटीमीटर आहे. दोन्हीकडे ६० घेतले तर वाट उरते ६०, म्हणजे आडवं होऊन चालायचं. त्याऐवजी एका बाजूला ६० ची टांगायची जागा आणि समोर ३५ सेंटीमीटर खोलीच्या फळ्या घेतल्या तर ८५ सेंटीमीटर वाट मिळते. घडीच्या कपड्यांना आणि बुटांना ३५ पुरेसे होतात. उलट ६० सेंटीमीटर खोल फळीवर कपड्यांच्या दोन रांगा लागतात आणि मागची रांग कुणाला आठवतही नाही.

दरवाजाचंही तसंच. आत उघडणारं दार कपाटाची एक आख्खी बाजू अडवतं. ते बाहेर उघडावं किंवा सरकतं असावं. आराखडा पक्का करण्याआधी मोकळ्या जमिनीवर चिकटपट्टीने कपाटांच्या कडा आखा, ओढलेल्या ड्रॉवरच्या जागी एखादं खोकं ठेवा आणि घरातल्या प्रत्येकाला त्यात वावरून बघू द्या. हा खटाटोप अजिबात टाळू नका. दहा चित्रांतून जे कळत नाही ते इथे लगेच कळतं.

रॉडची उंची अंदाजाने ठरवणं

आखूड कपड्यांसाठी एकावर एक दोन रॉड लावले की तेवढ्याच भिंतीत दुप्पट कपडे मावतात. खालचा १०० ते १०५ आणि वरचा २०० ते २१० सेंटीमीटरवर, हे नेहमीचं माप आहे. पण हे माप आंधळेपणाने उचलू नका. तुमचा सर्वांत लांब शर्ट हँगरला लावा, हँगरच्या आकड्यापासून खालपर्यंत मोजा आणि तळाशी चार बोटं मोकळी सोडा. वरचा रॉड घरातल्या सर्वांत कमी उंचीच्या माणसाच्या हाताला टाचा न उचलता लागतो का तेही बघा. लागत नसेल तर तिथे खाली ओढता येणारा रॉड बसवा किंवा क्वचित लागणारे कपडे ठेवा. पायघोळ कपड्यांसाठी मात्र १५० ते १७० सेंटीमीटर सलग जागा लागते. तेवढा एक खण जवळजवळ प्रत्येक घरात हवाच.

रॉड आणि त्यावरची फळी यांत पाच-सहा सेंटीमीटर फट ठेवा, नाहीतर हँगर उचलून काढताच येत नाही. जिथे ४० ते ४५ सेंटीमीटरच खोली मिळते तिथे आडवा रॉड घालून शटरला कपडे घासू देऊ नका. तिथे भिंतीकडून समोर येणारा, ओढून बाहेर काढता येणारा छोटा रॉड लावा. कपडे कमी मावतात, पण चुरगळत नाहीत.

कोपरा दोन्हीकडून भरणं

इंग्रजी एल आकाराच्या मांडणीत दोन कपाटं कोपऱ्यात भिडली की ६० बाय ६० सेंटीमीटरचा एक अंधारा चौकोन तयार होतो. दोन्ही रॉड तिथपर्यंत नेले तर कपडे एकमेकांत अडकतात. एकच बाजू कोपऱ्यापर्यंत न्या. दुसरी त्या कपाटाच्या तोंडापाशी थांबवा आणि मध्ये हात जाईल इतकी फट सोडा. कोपऱ्यात वर्षातून एकदा लागणाऱ्या वस्तू जाऊ द्या.

फळी लांब आणि पातळ

आधार न देता लांबच लांब गेलेली फळी फोटोत छान दिसते, म्हणून ही चूक फार होते. इथलं गणित कठोर आहे. फळीवर सगळीकडे सारखाच भार असेल तर आधारांमधलं अंतर दुप्पट केल्यावर तिचा बाक दुप्पट होत नाही, सोळा पट होतो. जाडीचा फायदाही तसाच मोठा असतो: १८ ऐवजी २५ मिलिमीटर जाडी घेतली तर त्याच मालाच्या फळीचा बाक साधारण दोन तृतीयांशाने कमी होतो. पार्टिकल बोर्ड आणि एमडीएफ (लाकडाचा चुरा किंवा तंतू दाबून केलेले बोर्ड) प्लायपेक्षा लवकर वाकतात, आणि कायमच्या ओझ्याखाली महिनोन्महिने हळूहळू खाली येत राहतात. म्हणून १८ मिलिमीटरच्या फळीला ८० सेंटीमीटरच्या आत आधार द्या. रॉडलाही मीटरभराच्या आत मधला ब्रॅकेट हवा. जीन्स आणि कोट एकत्र टांगले की वजन आपल्या अंदाजाबाहेर जातं.

लॅमिनेट किंवा विनियर फळीच्या दोन्ही बाजूंना सारखं लावायला सांगा. एका बाजूला लॅमिनेट आणि दुसरी बाजू उघडी असली की दोन्ही बाजू दमटपणा वेगवेगळा घेतात आणि फळी पिळवटते. कडापट्टीसुद्धा चारही कडांना हवी, न दिसणाऱ्या कडांनाही.

ओल आणि कोंडलेली हवा

माझ्या मते सर्वांत महाग पडणारी चूक हीच. कपड्यांना कुबट वास येतो, चामड्याच्या पट्ट्यांवर आणि बुटांवर पांढरी बुरशी चढते आणि दोष वॉर्डरोबच्या मालाला दिला जातो. खरं कारण बहुतेक वेळा मागच्या भिंतीत असतं.

ओल दोन वाटांनी येते. एक म्हणजे भिंतीतून: बाथरूमची सामाईक भिंत, गळका पाइप, बाहेरून झिरपणारं पाणी. दुसरी हवेतून: बाहेरची भिंत थंड असते, तिच्यापुढे कपाट आल्यावर घरातली ऊब तिच्यापर्यंत पोचत नाही, ती आणखी थंड होते आणि दमट हवा तिच्यावर पाणी होऊन बसते. यातलं नेमकं कुठलं, हे काम सुरू करण्याआधी ओळखता येतं. जाड प्लॅस्टिकचा हातभर तुकडा भिंतीला चारही बाजूंनी चिकटपट्टीने घट्ट लावा आणि एक-दोन दिवस तसाच ठेवा. थेंब प्लॅस्टिकच्या मागे, भिंतीकडून आले तर ओल भिंतीत आहे. पुढच्या बाजूला आले तर हवेत आहे. पहिल्या बाबतीत गळती बंद होऊन भिंत पूर्ण वाळेपर्यंत सुतारकाम थांबवा, कितीही घाई असली तरी. ओल्या भिंतीवर वॉटरप्रूफ प्लाय लावला म्हणजे झालं, असं सांगितलं जातं. प्लाय टिकेलही, कपडे टिकणार नाहीत.

हवेतल्या ओलीसाठी कपाटाची पाठ भिंतीला चिकटवू नका. दोन-तीन सेंटीमीटर फट ठेवा आणि वरखाली हवा फिरायला वाट सोडा. दाराखाली फट किंवा दारात जाळीच्या पट्ट्या हव्यात. वॉर्डरोब बाथरूमला लागून असेल तर बाथरूममध्ये चांगला एक्झॉस्ट फॅन आणि मध्ये नीट बंद होणारं दार हवंच. साधा आर्द्रतामापक आत ठेवा. आकडा ६० टक्क्यांच्या खाली राहिला तर बुरशीची भीती फारशी नसते, कायम ७० च्या वर असेल तर डिह्युमिडिफायर किंवा पंख्याची सोय करा. सिलिका जेलच्या पुड्या ड्रॉवरपुरत्या उपयोगी आहेत, खोलीसाठी नाहीत. आणि घातलेला, घामेजलेला कपडा थेट रॉडवर जाऊ नये म्हणून आतच उघड्या हवेत दोन-तीन खुंट्या ठेवा.

दिवे शेवटी आठवणं

छताच्या मधोमध एकच दिवा असला की तुम्ही कपाटाकडे तोंड करता आणि तुमचीच सावली कपड्यांवर पडते. वायरिंग सुतारकामाच्या आधी ठरलं पाहिजे. एलईडी पट्टी फळीच्या पुढच्या कडेला किंवा खणाच्या उभ्या पट्टीत, तोंड आत कपड्यांकडे करून लावा. मागच्या बाजूला लावली तर ढिगाची फक्त पाठ उजळते. ३००० ते ४००० केल्विनचा प्रकाश (केल्विन म्हणजे प्रकाश पिवळसर की पांढरा हे सांगणारं माप) आणि ९० किंवा त्याहून जास्त सीआरआय (दिव्याखाली रंग किती खरे दिसतात याचा आकडा) घ्या. सीआरआय कमी असलेल्या दिव्याखाली गडद निळी आणि काळी पँट सारखीच दिसते, आणि फरक कळतो तो घराबाहेर पडल्यावर. पट्टीचा ड्रायव्हर, म्हणजे तिला वीज पुरवणारा डबा, हात पोचेल अशा मोकळ्या जागी असू द्या. पाठीमागे कायमचा बंद करून टाकला तर तो बिघडल्यावर फर्निचर फोडावं लागतं. इस्त्री किंवा स्टीमरसाठी एक प्लग पॉइंटही याच वेळी मागून घ्या.

आरशाबद्दल थोडक्यात. डोक्यापासून पायापर्यंत दिसायला आपल्या उंचीच्या निम्मा आरसा पुरतो, मग तुम्ही जवळ उभे असा की लांब. महत्त्वाचं असतं तो कुठे लावला ते. १७० सेंटीमीटर उंचीच्या माणसाला साधारण ८० ते १६५ पर्यंतचा आरसा लागतो, १५० सेंटीमीटरच्या माणसाला ७० ते १४५ पर्यंतचा. म्हणजे ७० ते १६५ एवढ्या पट्ट्यात दोघांचं काम होतं. तो वाटेच्या टोकाला लावा, मागे सरकून बघता येतं.

मापं एकदाच घेणं

भिंती क्वचितच ओळंब्यात असतात. रुंदी तळाशी, मध्ये आणि वर अशी तीन ठिकाणी घ्या आणि सर्वांत कमी भरेल ती धरा. कोपरे गुण्याने (काटकोन तपासायच्या अवजाराने) तपासा. बीम, स्कर्टिंग, खिडकीची चौकट, स्विचबोर्ड सगळं आराखड्यात यायला हवं. आणखी एक माप हमखास राहतं: आडवं जोडलेलं कपाट उभं करताना त्याचा कर्ण छताला लागतो. २४० सेंटीमीटर उंच आणि ६० खोल कपाटाचा कर्ण जवळपास २४७.५ सेंटीमीटर भरतो, म्हणजे २४५ च्या छताखाली ते उभंच राहणार नाही. अशा वेळी कपाट जागेवरच उभं जोडायचं किंवा लॉफ्ट वेगळा करायचा, हे आधी सांगा. उंच कपाटं भिंतीला ब्रॅकेटने पक्की करून घ्या. लहान मूल उघड्या ड्रॉवरवर चढलं तर ती पुढे कोसळू शकतात.

काम झाल्यावर अडलं तर

फळी वाकली असेल तर ती उलटी करून बसवल्याने थोडा काळ निभावतं. खरा उपाय म्हणजे खाली मधोमध उभा आधार, किंवा पुढच्या कडेखाली चार-पाच सेंटीमीटर उंचीची लाकडी पट्टी सरस आणि स्क्रूने बसवणं.

नव्या बोर्डाचा उग्र वास आणि डोळ्यांची चुरचुर फॉर्मल्डिहाइडची, म्हणजे बोर्डाच्या गोंदातून सुटणाऱ्या वायूची, असू शकते. उघड्या राहिलेल्या कडा आणि भोकं बंद करून घ्या, शटर-ड्रॉवर उघडे ठेवून खोलीला भरपूर वारा द्या आणि वास ओसरेपर्यंत कपडे भरू नका. माल निवडतानाच ई१ श्रेणीचा (हा वायू कमी सोडणारा) किंवा त्याहून कमी उत्सर्जनाचा बोर्ड मागितला तर हा त्रास बराच टळतो.

शटर खाली झुकलं किंवा शेजारच्याला घासतं आहे असं दिसलं तर लगेच रंधा मारू देऊ नका. आजच्या बहुतेक छुप्या बिजागऱ्यांना वर-खाली, डावी-उजवीकडे आणि आत-बाहेर हलवण्याचे स्क्रू असतात, आधी ते फिरवून बघा. ड्रॉवर अडत असेल तर दोन्ही चॅनेल एका पातळीत आणि समांतर आहेत का ते मोजा. शटरमागचा ड्रॉवर बिजागरीला आपटत असेल तर बाजूच्या पट्टीला पॅकिंग देऊन तो थोडा आत घ्यावा लागतो. सरकतं दार रुळावरून उतरत असेल तर खालचा रूळ साफ करा, मग चाकाजवळच्या स्क्रूने दार समतल करा. तरीही उतरलं तर वरचा रूळच पाणसळीत नाही असं समजा आणि तो काढून पुन्हा बसवून घ्या.