काढता येईल असा नळ: स्वयंपाकघरातल्या नळाची रचना पायरीपायरीने

नवा नळ बसवणं फारसं अवघड नसतं. आटे स्वच्छ असतात, वॉशर मऊ असतो, नट बोटांनी फिरतो. परीक्षा होते आठ-दहा वर्षांनी, तोच नळ काढायची वेळ आली की. तोवर नटावर क्षारांचा थर बसलेला असतो, स्टडला, म्हणजे नट ज्यावर फिरतो त्या आट्यांच्या दांडीला, गंज धरलेला असतो. काढणारा माणूस सिंकखालच्या कपाटात उताणा पडून, सिंकची वाटी आणि भिंत यांच्यामधल्या चार बोटं जागेत हात घालून, न दिसणारा नट चाचपडत असतो. म्हणून नळाची रचना काढण्याच्या दिवसापासून सुरू करावी आणि तिथून मागे येत बसवण्यापर्यंत पोहोचावं. सहज निघणारा नळ बहुधा सहज बसतो. सहज बसणारा सहज निघेलच, याची मात्र खात्री नाही.

पायरी १: जुना नळ खोला आणि लिहून ठेवा

कागदावर रेघ ओढण्याआधी बराच काळ वापरलेला नळ स्वतः काढून बघा. प्रत्येक कृतीपुढे तीन गोष्टी लिहा: कोणतं हत्यार लागलं, किती हात लागले, आणि जे करत होतात ते डोळ्यांना दिसत होतं का. बहुतेक वेळ एकाच जागी गेल्याचं लक्षात येईल, तो म्हणजे ओट्याखालचा मोठा नट. तो फिरवायला लांब दांड्याचा खास पाना मिळतो. एका नटासाठी वेगळं हत्यार बनवावं लागतं, यातच त्या रचनेचा दोष उघड होतो.

त्या यादीवरून स्वतःसाठी अटी ठरवा. माझ्या मते एवढ्या पुरेत: एकटा माणूस, दोन साधी हत्यारं, आणि कपाटात हात घालायचा तो फक्त पाणी बंद करण्यासाठी आणि पाईप जोडण्यासाठी. घट्ट करण्याची बाकी सगळी कामं ओट्याच्या वरून.

पायरी २: मापं घ्या, विशेषतः भोकाचं

एका भोकाच्या मिक्सरसाठी (गरम आणि गार पाणी एकत्र सोडणाऱ्या नळासाठी) साधारण ३५ मिमी व्यासाचं भोक पाडलेलं असतं. ज्यात नळ बसणार तो स्टीलचा सिंक जेमतेम १ मिमी जाडीचा असू शकतो आणि दगडी ओटा २० मिमीहूनही जाड. खाली लाकडी फळी असेल तर जाडी आणखी वाढते. १ ते ४० मिमी एवढा पल्ला गृहीत धरला, तर बहुतेक ठिकाणी निभावतं.

आता एक साधी बेरीज करा. अर्धा इंची जोडणीच्या आट्यांचा बाहेरचा व्यास सुमारे २१ मिमी. त्यावरचा षटकोनी नट कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत २६-२७ मिमी भरतो. नळाला आधीच एक १२ मिमीचा लवचीक पाईप लावलेला असेल, तर दुसऱ्या पाईपचा नट त्याच्या शेजारून ३५ मिमीच्या भोकातून जाणारच नाही. मग पाईप खाली गेल्यावर जोडावे लागतात, म्हणजे पुन्हा कपाटात उताणं पडणं आलं. चित्रात हे लक्षात येत नाही, म्हणून बेरीज आधी करायची. यावर उपाय असा की पाईपाच्या खालच्या टोकाला मोठा नट ठेवायचाच नाही. १६-१७ मिमी जाडीचं, खटक्याने बसणारं टोक ठेवायचं आणि त्याची जोडीदार बाजू अँगल कॉकवर (सिंकखाली पाणी बंद करायच्या छोट्या कॉकवर) कायमची बसवून टाकायची. दोन पाईपांची लांबी थोडी कमी-जास्त ठेवली, तर दोन्ही टोकं एकाच जागी अडत नाहीत.

पायरी ३: नळाचे दोन भाग करा

सगळ्या रचनेचा कणा इथे आहे. नळ एकसंध ठेवू नका. बैठक वेगळी, नळ वेगळा. बैठक ओट्यात एकदा बसते आणि तिथेच राहते. गरम-गार पाण्याचे पाईप तिलाच खालून जोडलेले असतात. नळ वरून तिच्यात उतरतो. नळाच्या तळाला दोन गुळगुळीत नळकांड्या असतात, त्यांवर ओ-रिंगा (पाणी अडवणाऱ्या गोल रबरी कड्या), आणि बैठकीत त्यांच्या मापाची दोन भोकं. पुढे नळ बिघडला, तोटी बदलावीशी वाटली किंवा नुसती सफाई करायची असली, तर खालच्या जोडण्यांना हात लावायची गरज उरत नाही.

ही कल्पना नवी नाही. सिंकच्या मागे आत उघडणारी खिडकी असेल, तर उचलून आडवा ठेवता येणारा नळ बाजारात मिळतो. तिथे खिडकी उघडावी म्हणून जे करतात, ते इथे दुरुस्तीसाठी करायचं.

आता बैठक वरून कशी आवळायची? तिच्यातून खाली जाणारे दोन लांब एम६ (६ मिमी व्यासाचे) स्क्रू ठेवा, आणि प्रत्येकाच्या टोकाला एक छोटा पंख. बैठक भोकात उतरवताना पंख आत मिटलेले असतात. स्क्रू वरून फिरवला की पंख आधी बाहेरच्या बाजूला वळतो, खिळीला अडतो, आणि मग वर सरकून ओट्याला खालून पकडतो. उलटा फिरवला की सैल होऊन पुन्हा आत वळतो. त्यासाठी दोन्ही दिशांना खिळी हवी. काढतानाची खिळी विसरली, तर पंख गरगर फिरत राहतो आणि बैठक भोकात अडकून बसते. पाईपांच्या जोडण्या एका रेषेत आणि स्क्रू त्यांना काटकोनात असे मांडले, तर सगळं ३३ मिमीच्या वर्तुळात मावतं. दाटीवाटी होते, पण मावतं. पातळ स्टीलचा सिंक पंखाच्या टोकाखाली वाकतो, म्हणून पंखाची पकड अरुंद ठेवू नका आणि त्यावर रबराचा पातळ थर द्या.

पायरी ४: नळाला बैठकीत धरून ठेवणारं कडं

वर एक नळ नुसता ठेवलेला आहे आणि खालून पाणी ढकलतंय, तर तो किती जोराने उचलला जाईल याचा हिशेब आधी करा. ओ-रिंग जिथे अडते तिथला व्यास १४ मिमी धरला, तर क्षेत्रफळ सुमारे १५४ चौरस मिमी. १० बार दाबाला एका नळकांडीवर साधारण १५४ न्यूटन, दोन्हींवर मिळून ३०८, म्हणजे ३१ किलोचं वजन वर ढकलत असल्यासारखं. युरोपच्या ईएन ८१७ या मानकात असे मिक्सर बंद अवस्थेत १६ बारला तपासतात. त्या दाबाला हाच आकडा पन्नास किलोपर्यंत जातो. घरच्या टाकीचा दाब याच्या एक दशांशही नसेल (दर १० मीटर उंचीला १ बार), पण रचना घरच्या टाकीसाठी करायची नसते.

दाबाहून मोठा त्रास माणसांचा. २२० मिमी लांब तोटीच्या टोकाला कोणी १० किलोचा भार दिला, तर बुडाशी २२ न्यूटन-मीटरचा पीळ येतो. बैठक ५० मिमी रुंद असेल, तर तिच्या एका कडेला चारशे न्यूटनहून जास्त ओढ बसते. एका ग्रब स्क्रूच्या (डोकं नसलेल्या छोट्या स्क्रूच्या) भरवशावर हे सोडू नये. नळाभोवती फिरणारं, मोठ्या आट्यांचं पितळी कडं ठेवा, ते बैठकीच्या आट्यांवर हाताने आवळायचं. आटे जाड असू द्या, ३ मिमी अंतराचे. बारीक आट्यांत क्षार बसला की कडं आणि बैठक एकजीव होतात. ग्रब स्क्रू असावा, पण फक्त कडं आपोआप सैल होऊ नये म्हणून.

आता सुरक्षेची गोष्ट. कधीतरी कोणीतरी पाणी बंद न करता कडं फिरवणारच. त्यामुळे ओ-रिंग भोकात ५ मिमी आत आणि कड्याच्या आट्यांची लांबी ९ मिमी, असं प्रमाण ठेवा. सोड्याच्या बाटलीचं झाकण पूर्ण निघण्याआधी जसा वायू फुसफुसून जातो, तसंच इथे व्हायला हवं: आटे अजून अडकलेले असतानाच ओ-रिंग बाहेर येते, पाणी कडेने झिरपू लागतं, आणि नळ हातात उसळत नाही. फिरवणाऱ्याला तेवढ्यात कळतं.

त्या झिरपण्याला वाटही द्या. बैठकीच्या वरच्या बाजूला, ओट्याच्या पातळीच्या वर, एक बारीक खाच ठेवली की ओ-रिंग झिजल्यावर पाणी ओट्यावर दिसतं. खाच नसेल तर तेच पाणी पाईपाच्या कडेने कपाटात उतरतं आणि फळी फुगेपर्यंत कोणाला पत्ता लागत नाही. ही खाच करायला जवळपास फुकट आहे, तरी ती अनेक नळांत नसते.

पायरी ५: धातू, रबर आणि वंगण निवडा

नळ न निघण्याचं कारण बरेचदा चुकीची धातूंची जोडी असते. स्टेनलेस स्टीलच्या स्क्रूवर स्टेनलेसचाच नट लावला, तर आवळताना पृष्ठभाग एकमेकांना घासून चिकटतात आणि मग पाना लावला तरी स्क्रू तुटतो, नट हलत नाही. स्टेनलेस स्क्रू आणि पितळी पंख, ही जोडी बरी. जस्ताचा मुलामा दिलेला साधा लोखंडी स्क्रू सिंकखाली टिकत नाही.

पाणी लागणाऱ्या पितळात शिसं किती, हेही बघा. अमेरिकेत २०१४ पासून पिण्याच्या पाण्याच्या नळांना पाण्याशी संपर्क येणाऱ्या पृष्ठभागांवर सरासरी ०.२५ टक्के ही मर्यादा आहे. काही प्रकारच्या पाण्यात पितळातलं जस्त विरघळून ते ठिसूळ होतं, म्हणून पाणी लागणाऱ्या भागासाठी जस्त न सुटणारं पितळ मागवा.

ओ-रिंगा ईपीडीएम रबराच्या घ्या. गरम पाणी आणि क्लोरीन त्या चांगलं सोसतात. पेट्रोलियम जेली किंवा साधं ग्रीस मात्र त्यांना चालत नाही, रबर फुगतं आणि नळकांडी भोकात जाम होते. पिण्याच्या पाण्याला चालणारं सिलिकॉन ग्रीसच वापरा. बैठकीच्या भोकाच्या तोंडाला १५-२० अंशांचा उतार द्या. धारदार कड राहिली तर पहिल्याच वेळी ओ-रिंग कापली जाते आणि दोष रबराला लागतो. ओ-रिंगेचं माप कोणत्याही दुकानात मिळणारं असू द्या. स्वतःचं खास माप ठरवण्याचा मोह होतो, तो टाळा.

पायरी ६: चूक करताच येणार नाही असं करा

दोन नळकांड्यांजवळ, मधोमध नसलेली एक खुंटी द्या, म्हणजे नळ एकाच दिशेने बसेल आणि गरम-गार उलटं होणार नाही. पाईपांना लाल आणि निळा पट्टा हवाच, पण अंधारात रंग दिसत नाहीत. खालच्या खटक्याच्या टोकांचे आकारही वेगळे ठेवा. खटका नीट बसला की नाही हे बोटाला कळलं पाहिजे. क्लिप पूर्ण आत गेल्याशिवाय तिचं शेपूट बाहेर टोचत राहील असा आकार त्यासाठी उत्तम.

कॉकवरच्या जोडणीला सपाट वॉशर असतो, तिथे टेफ्लॉन टेपची गरज नाही. हाताने घट्ट, मग पान्याने पाव फेरा. टेप लागतो तो निमुळत्या आट्यांना, जिथे आटेच पाणी अडवतात. हे दोन्ही प्रकार एका नळात मिसळू नका, बसवणारा सगळीकडे टेप गुंडाळतो आणि वॉशर वाकडा बसतो.

ग्रब स्क्रू दिसू नये म्हणून तो मागे नेण्याची पद्धत आहे. मागे भिंत असते, अ‍ॅलन की (षटकोनी चावी) फिरत नाही. स्क्रू बाजूला घ्या आणि रबरी बुचाने झाका, त्यात क्षार भरणार नाहीत. एम५ ऐवजी एम६ निवडलात तर चावी २.५ ऐवजी ३ मिमीची लागते आणि खाच सहज घासली जात नाही. नळाच्या दांडीलाही तीच ३ मिमीची चावी चालेल असं बघा. सूचनांचा कागद हरवतो, त्यामुळे चावीचं माप, ओ-रिंगेचं माप आणि कडं कुठल्या दिशेला सुटतं त्याचा बाण बैठकीवरच कोरून ठेवा.

ओढून काढता येणारा फवारा असेल, तर त्याच्या पाईपात एकदिशा झडप घालायला विसरू नका. फवारा खरकट्या पाण्यात बुडलेला असताना दाब गेला, तर ते पाणी पाईपात ओढलं जाऊ शकतं.

पायरी ७: नमुना बनवा आणि त्याला म्हातारा करा

पहिला नमुना थ्रीडी प्रिंटरवर काढा, पण कोरडाच. छापलेल्या थरांतून दाबाचं पाणी झिरपतं, त्यावरून काही ठरवता येत नाही. वेगवेगळ्या जाडीच्या फळ्यांना ३५ मिमीची भोकं पाडा, मागे भिंतीच्या जागी आणखी एक फळी उभी करा, आणि हात खरोखर जातो का ते बघा.

पितळी नमुना झाला की दाबाची चाचणी पाण्याने घ्या, हवेने कधीच नाही. दाबलेली हवा साठवलेली ताकद एकदम सोडते. पाणी फक्त गळतं. बंद कार्ट्रिजवर (नळाच्या आत पाणी सोडणाऱ्या-अडवणाऱ्या भागावर) १६ बार, एक मिनिट. ईएन ८१७ मध्ये दांडीच्या टिकाऊपणासाठी ७०,००० फेऱ्यांची चाचणी आहे. तेवढी यंत्रणा हाताशी नसेल, तर आतला सिरॅमिक कार्ट्रिज अशा चाचणीतून गेलेला, ३५ किंवा ४० मिमीचा तयार घ्या. तो स्वतः बनवण्यात काही हशील नाही.

यानंतर खरी चाचणी. बैठक आणि कडं जोडून त्यावर जड, क्षारयुक्त पाणी पुन्हा पुन्हा शिंपडा आणि वाळू द्या. आतून कधी गरम, कधी गार पाणी सोडा. आट्यांत पांढरा थर दिसू लागेपर्यंत हे चालू ठेवा. मग नळ कधी न पाहिलेल्या माणसाला बोलवा, हातात अ‍ॅलन की आणि स्क्रू ड्रायव्हर द्या, "हा काढ" एवढंच सांगा आणि गप्प बसा. त्याचे हात ओले आणि साबणाचे असतील तर आणखी चांगलं. तो कुठे थांबतो, कुठे चुकीच्या दिशेला फिरवतो, कुठे जोर लावतो ते टिपा. कडं हातातून सुटत असेल, तर त्यावर दोन सपाट बाजू काढा म्हणजे साधा पाना धरता येईल. बाण न बघताच फिरवत असेल, तर बाण चुकीच्या जागी आहे. बदल करा आणि पुढच्या वेळी वेगळा माणूस बोलवा. पहिला आता शिकलेला आहे.