‘स्थलांतर’ हा शब्द उलगडावा कसा आणि वापरावा कुठे

‘स्थलांतर’मधील ‘अंतर’ म्हणजे दोन ठिकाणांमधील मैल किंवा किलोमीटर, असा समज पुष्कळ वाचकांचा असतो. अर्थ शोधायला बसताना तो प्रथम बाजूला ठेवावा. सीताबर्डीतील एखादे दुकान रस्ता ओलांडून समोरच्या गाळ्यात गेले, तरी जुन्या दारावर ‘स्थलांतरित’ अशी पाटी लागते आणि ती अचूक असते.

मग शब्दाची फोड करावी. संस्कृतात समासाच्या शेवटी येणाऱ्या ‘अंतर’चा एक अर्थ ‘दुसरा’ असा आहे. त्यामुळे ‘अन्यत् स्थलम्’ असा विग्रह होऊन ‘स्थलांतर’ म्हणजे ‘दुसरे स्थल’ एवढाच मूळ अर्थ हाती येतो. या विग्रहात जाण्याची क्रिया नाही. ती वापराने चिकटली. ‘भाषांतर’चेही तसेच झाले: मुळात ‘दुसरी भाषा’, आणि आज मात्र मजकूर त्या भाषेत नेण्याची कृती. नागपूरकरांना याच घडणीचा एक शब्द अधिक जवळचा आहे. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी येथील दीक्षाभूमीवर लाखो अनुयायांसह बौद्ध धम्म स्वीकारला, त्या घटनेचा उल्लेख आपण ‘धर्मांतर’ असा करतो, तेव्हा ‘अंतर’चा अर्थ ‘दुसरा’ हाच असतो.

शंका आल्यास ‘अंतर’ऐवजी ‘दुसरा’ घालून पाहावे. ‘रूपांतर’ या कसोटीला उतरते. ‘मध्यांतर’ उतरत नाही, कारण तेथे ‘अंतर’ म्हणजे मधला अवकाश.

‘स्थल’कडेही लक्ष द्यावे. संस्कृतात तो पाण्याहून वेगळी अशी कोरडी, टणक जमीन दाखवतो. तरीही हिवाळ्यात अंबाझरी तलावाच्या पाण्यावर उतरणाऱ्या बदकांना आपण ‘स्थलांतरित पक्षी’ म्हणतो, इतका हा शब्द मराठीत ऐसपैस झाला आहे. लिहिताना ‘रि’ ऱ्हस्व ठेवावी; ‘स्थलांतरीत’ हे अशुद्ध होय.

वापरताना शेजारचे शब्द तपासणे सर्वांत महत्त्वाचे आहे. सरकारी नोकराची ‘बदली’ होते. हा शब्द अरबी ‘बदल’वरून आला असून त्यात पद किंवा नेमणूक पालटणे मुख्य आहे. नागपुरात हिंदी सतत कानांवर पडत असल्यामुळे ‘स्थानांतरण’ आणि ‘पलायन’ हे शब्द मराठी मजकुरात सहज शिरतात. पहिल्याने फारसे बिघडत नाही, परंतु मराठीत ‘पलायन’ म्हणजे पळून जाणे. पोटासाठी गाव सोडणाऱ्या मजुराला तो शब्द लावणे अन्यायाचे आहे, म्हणून तेथे ‘स्थलांतर’च लिहावे. याउलट वैनगंगेवरील गोसीखुर्द धरणात ज्यांची घरे आणि शेते बुडाली, त्यांच्याबाबत ‘स्थलांतर’ अपुरे पडते, कारण त्या शब्दात सक्ती दिसत नाही. त्यांना ‘विस्थापित’ म्हणावे.