पोटरीत गोळा आला तर तो कसा सोडवावा

पहाटे झोपेत पाय ताणला जातो आणि पोटरी एकदम दगडासारखी कडक होते. घरात कोणीतरी म्हणतं, शिरेवर शीर चढली. खरं तर कुठलीच शीर जागची हललेली नसते. पोटरीच्या स्नायूला आकुंचनाचा आदेश देणारे मज्जातंतू त्या वेळी थांबायचं सोडून आदेशांचा मारा करत राहतात, आणि स्नायू बिचारा आखडतच जातो. म्हणून इलाज एकच: आखडलेल्या स्नायूची लांबी वाढवायची, पण घाई न करता.

गोळा आलेला असताना

१. अंथरुणातच उठून बसा आणि त्या पायाचा गुडघा पूर्ण सरळ करा. वेदनेमुळे आपोआप गुडघा वाकवून पाय पोटाशी घेतला जातो. नेमकं तेच टाळायचं आहे.

२. चवड्याखालून पंचा किंवा टॉवेल घाला, दोन्ही टोकं हातात धरा आणि पाऊल हळूहळू नडगीकडे ओढा. हात पोहोचत असेल तर सरळ चवडा धरा. फक्त बोटं ओढून उपयोग नाही, घोट्याच्या सांध्यातून अख्खं पाऊल वळलं पाहिजे.

३. ताण २० ते ३० सेकंद तसाच धरा. त्याच वेळी स्वतःच्या जोरानेही पाऊल वर उचलायचा प्रयत्न करा. नडगीपुढचा स्नायू आकुंचन पावला की मज्जारज्जू त्याच्या विरुद्ध बाजूच्या पोटरीला सैल सोडण्याचा संदेश देतो.

४. गोळा सुटला की घोट्याकडून गुडघ्याकडे हलक्या हाताने चोळा, गरम पाण्याची पिशवी ठेवा आणि दोन-चार मिनिटं घरात चाला. एखादा दिवस पोटरी दुखरी राहिली तर घाबरू नका.

झटका का द्यायचा नाही? स्नायूच्या आत लांबी मोजणाऱ्या बारीक रचना असतात. लांबी अचानक वाढली की त्या धोक्याचा इशारा देतात आणि स्नायू उलट जास्त आवळला जातो. कंडरेत, म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणाऱ्या चिवट दोरीत, ताण मोजणाऱ्या रचना असतात. त्या मात्र ठाम, सावकाश ताणाला वेगळा प्रतिसाद देतात: त्यांचा संदेश मज्जारज्जूत पोहोचला की त्या स्नायूचे आदेश मंदावतात. सगळी युक्ती या फरकात आहे.

पोटरीत स्नायू एक नाही, दोन

हे हाताने तपासून पाहा, पुढचा व्यायाम त्यावरच अवलंबून आहे. आरशाकडे पाठ करून उभे राहा आणि टाचा उचला. पोटरीत दोन फुगवटे दिसतील, आतला बाहेरच्यापेक्षा थोडा खाली उतरलेला. हा गॅस्ट्रोक्नेमियस. त्याचे हे दोन्ही भाग वरच्या बाजूला, गुडघ्याच्या वर, मांडीच्या हाडाला चिकटलेले असतात. आता खुर्चीत बसून, गुडघे काटकोनात ठेवून टाचा उचला. वरचे फुगवटे बरेच मऊ राहतात, पण त्यांच्या खाली दोन्ही कडांना काहीतरी घट्ट लागतं. तो सोलियस. हा रुंद, चपटा स्नायू गुडघ्याच्या खाली, पायाच्या दोन्ही हाडांवरून निघतो. दोघांची मिळून एकच जाड कंडरा होते आणि ती टाचेच्या हाडाला जाऊन चिकटते.

म्हणजे गुडघा वाकवला की गॅस्ट्रोक्नेमियस आपोआप सैल पडतो, सोलियसला मात्र काही फरक पडत नाही. गोळा सोडवताना गुडघा सरळ हवा तो यासाठीच.

आत काय चाललेलं असतं? स्नायू म्हणजे तंतूंच्या जुड्या, प्रत्येक तंतूत आणखी बारीक दोरे, आणि त्या दोऱ्यांत अॅक्टिन व मायोसिन या प्रथिनांचे धागे. आदेश आला की तंतूत कॅल्शियम सुटतं, मायोसिन अॅक्टिनला पकडून ओढतं आणि स्नायू आखूड होतो. सैल होण्यासाठी ते कॅल्शियम परत साठ्यात भरावं लागतं, आणि त्यालाही ऊर्जा लागते. सैल पडणं हे आपण समजतो तसं फुकटचं काम नाही. झोपेत पाऊल खाली ताणलेलं असतं, स्नायू आधीच आखूड असतो. त्यात आणखी आकुंचनाचा आदेश आला की गोळा होतो. जड पांघरूण पायावर घट्ट खोचून झोपत असाल तर ते सैल करा.

रोजचा ताण

झोपण्यापूर्वी भिंतीपासून हातभर अंतरावर उभे राहा, तळवे भिंतीवर टेका आणि एक पाय मागे न्या. मागचा गुडघा सरळ, टाच जमिनीला टेकलेली, पाऊल नाकासमोर. पोटरीत ओढ जाणवेपर्यंत पुढे झुका आणि ३० सेकंद थांबा. असं तीनदा. मग तोच गुडघा वाकवून, टाच न उचलता, सोलियससाठी तीनदा. लोक चुकतात ते बहुधा दोन ठिकाणी: पाऊल बाहेर वळवतात आणि टाच उचलतात. दोन्हीमुळे ताण पोटरीतून निसटतो. नेदरलँड्समध्ये २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत ५५ वर्षांपुढच्या लोकांनी ६ आठवडे रोज झोपण्याआधी पोटरी आणि मांडीच्या मागच्या स्नायूंना ताण दिला, तेव्हा त्यांचे रात्रीचे गोळे कमी झाले.

उन्हात राबून किंवा मैलोनमैल चालून घाम गेल्यावर येणारे गोळे वेगळे. तिथे नुसतं पाणी नको, मीठही हवं: ओआरएस घ्या, किंवा १ लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात चहाच्या चमच्याने ६ सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घाला. रक्तदाबामुळे मीठ बंद असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. मॅग्नेशियमच्या गोळ्यांवर खर्च करू नका. वयस्कर लोकांच्या पोटरीत रात्री येणाऱ्या गोळ्यांवर त्यांचा म्हणण्यासारखा उपयोग होत नाही, असं चाचण्यांत दिसलं आहे. क्विनाइन हे मलेरियावरचं औषध तर स्वतःच्या मनाने मुळीच घेऊ नये. त्याने हृदयाची लय आणि रक्तातल्या प्लेटलेट्स धोक्यात येतात.

हे गोळे नव्हेत

एकाच पोटरीला सूज, ऊब, लाली आणि न थांबणारी वेदना असेल तर चोळू नका. खोल शिरेत रक्ताची गुठळी असू शकते. त्याच दिवशी डॉक्टर गाठा. धावताना मागून कोणीतरी लाथ मारल्यासारखं वाटलं आणि नंतर त्या पायाच्या चवड्यावर उभं राहता येईना, तर कंडरा किंवा स्नायू फाटल्याची शक्यता आहे. तिथे ताण देणं घातक. ठरावीक अंतर चाललं की पोटरी दुखते आणि थांबलं की दुखणं जातं, हे रक्तपुरवठा कमी पडत असल्याचं लक्षण आहे, विशेषतः तंबाखू, विडी-सिगारेट किंवा मधुमेह असेल तर.

आठवड्यातून अनेक रात्री गोळे येत असतील तर डॉक्टरांकडे जाताना चालू औषधांची सगळी पाकिटं बरोबर न्या. लघवी वाढवणाऱ्या गोळ्या आणि कोलेस्टेरॉलवरच्या स्टॅटिन गोळ्या त्यात आहेत का, हे ते आधी पाहतील.