‘बुडून मृत्यू’ या नोंदीच्या अलीकडे: रीब्रीदर शिकू पाहणाऱ्यांसाठी

मालवणात पर्यटकांना पाण्याखाली नेणाऱ्या होड्यांवर मी आठ हंगाम काम केले आणि त्यांपैकी सहाव्या हंगामात रीब्रीदर शिकलो. सिंधुदुर्ग किल्ल्याजवळ पर्यटक ज्या साध्या स्कूबाने उतरतात, तिच्यात सोडलेला श्वास बुडबुड्यांच्या रूपाने निघून जातो. रीब्रीदर मात्र तोच श्वास नळ्यांमधून फिरवून परत देतो. त्यातला कार्बन डायऑक्साइड सोडा लाइमच्या, म्हणजे वापरागणिक निकामी होत जाणाऱ्या रासायनिक दाण्यांच्या, डब्यात शोषला जातो आणि शरीराने वापरलेला ऑक्सिजन यंत्र थोडाथोडा भरून काढते. आपल्या किनाऱ्यावर ही यंत्रे क्वचितच दिसतात. पण विजयदुर्गपासून शंभराहून अधिक किलोमीटर आत समुद्रात असलेल्या आंग्रिया बँक या पाण्याखालच्या प्रवाळ पठाराची चर्चा सुरू झाली, की नवी मुले हमखास याबद्दल विचारतात. त्यांना मी आधी मृत्यूंविषयी सांगतो. काहींना ते अशुभ वाटते, त्याला माझा इलाज नाही.

अँड्र्यू फॉक या ऑस्ट्रेलियन डॉक्टरांनी 1998 ते 2010 या काळातील हौशी रीब्रीदर पाणबुड्यांच्या 181 मृत्यूंचा अभ्यास 2013 साली प्रसिद्ध केला. साध्या स्कूबाच्या तुलनेत येथे मृत्यूचा धोका चार ते दहा पट असल्याचा त्यांचा अंदाज होता. एवढा फरक का, हे एका हिशेबावरून कळेल. नळ्यांमधल्या वायूत ऑक्सिजन दहा टक्के उरला आहे असे समजा. तीस मीटर खोलीवर एकूण दाब 4 बार, म्हणजे पृष्ठभागावरच्या सुमारे चौपट असतो, म्हणून तिथे ऑक्सिजनचा दाब 0.40 बार भरतो आणि माणूस ठणठणीत असतो. तोच वायू ओढत तो पृष्ठभागाशी आला, की हा दाब 0.10 बारवर येतो आणि शुद्ध हरपते. त्याआधी धाप लागत नाही, जीव घाबरत नाही. कारण श्वास कोंडल्याची जाणीव कार्बन डायऑक्साइडमुळे होते आणि तो तर डब्यात शोषला गेलेला असतो. ऑक्सिजन प्रमाणाबाहेर वाढला तर याच्या उलट, पाण्यातच झटके येतात. तिसरा धोका कार्बन डायऑक्साइडचा. तो इशारा देतो, पण इशारा समजून घेणारी बुद्धीच आधी मंद करतो.

हा तिसरा धोका मी स्वतः अनुभवला आहे. एका खासगी सरावात आम्ही अठरा मीटरवर होतो आणि नांगराच्या दोराकडे येताना करंट समोरून होता. डब्यातला सोडा लाइम आदल्या दिवशी वापरलेला होता. किती वेळ, ते कुठेही लिहिलेले नव्हते आणि मीही विचारले नव्हते. श्वास जोरात चालू लागला, कपाळावर घट्ट पट्टा आवळल्यासारखे झाले. राखीव सिलिंडर कुशीलाच लटकत होता, पण त्याच्याकडे हात न्यावा हे सुचेना. सोबत्याने माझ्या तोंडातली नळी बंद केली आणि राखीव सिलिंडरचे रेग्युलेटर तोंडात दिले.

वर आल्यावर मी होडीत आडवा पडलो होतो. अर्ध्या तासाने यंत्राची चौकशी केली, तेव्हा तांडेल कौतुकाने म्हणाला, “गोड्या पाण्यान धुवन ठेवलंय.” डबा रिकामा केला होता, सोडा लाइम समुद्रात गेला होता आणि नळ्या उलट्या टांगून वाळत होत्या. त्याने मायेनेच केले; असे करू नये, हे त्याला आमच्यापैकी कुणी सांगितलेच नव्हते. पण माझ्यावर ओढवलेल्या प्रसंगाचे कारण कायमचे गेले. सोडा लाइम संपला होता, की झडप उलटी बसली होती, की डब्याची रबरी कडी नीट बसली नव्हती, यांपैकी काहीच आता सिद्ध होणार नव्हते. त्या रात्री मी लॉगबुकात लिहिले, “पित्तामुळे डाइव्ह लवकर संपवली.”

मी वर आलो नसतो, तर काय झाले असते? पोलिसांनी अकस्मात मृत्यूची नोंद केली असती, शवविच्छेदनात ‘बुडून मृत्यू’ असे आले असते आणि कागद मिटला असता. बुडणे ही मात्र शेवटची पायरी असते. 2008 साली पेटार डेनोबल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी साध्या स्कूबातल्या 947 मृत्यूंचा अभ्यास करताना चार पायऱ्या वेगळ्या मांडल्या: पहिले निमित्त, त्यातून आलेले संकट, शरीराला झालेली निर्णायक इजा आणि मृत्यूचे वैद्यकीय कारण. जबाबदारीचा प्रश्न बहुधा पहिल्या दोन पायऱ्यांवर असतो आणि आपला कागद चौथीवर थांबतो. भर म्हणजे, खोलवर मृत्यू पावलेल्याचे शव वर आणताना रक्तात विरलेला वायू बाहेर पडतो; रक्तवाहिन्यांतले ते बुडबुडे पाहून अननुभवी डॉक्टर वेगळाच निष्कर्ष काढू शकतो.

म्हणून अपघातानंतर यंत्र धुऊ नये आणि उघडू नये. कोणता व्हॉल्व्ह किती फेरे उघडा होता, पडद्यावर कोणते आकडे होते, सिलिंडरमध्ये किती दाब उरला होता, हे लिहून फोटो काढावेत आणि डबा न उघडता सारे पोलिसांच्या हवाली करावे. 8 जानेवारी 2005 रोजी दक्षिण आफ्रिकेतल्या बुशमन्स होलमध्ये सुमारे 270 मीटरवर डेव्हिड शॉ हा पाणबुड्या मरण पावला. डिऑन ड्रायर या तरुणाचे दहा वर्षे तिथे पडून असलेले शव वर आणण्यासाठी तो उतरला होता. त्याच्या शिरस्त्राणावरच्या कॅमेऱ्यात त्याच्या श्वासाचा वाढत गेलेला वेग टिपला गेला. त्यावरून दाट वायू, अंगमेहनत आणि साठत गेलेला कार्बन डायऑक्साइड हे कारण मांडता आले. पुरावा शाबूत राहिला, म्हणूनच ते शक्य झाले.

प्रशिक्षण निवडताना प्रशिक्षकाने किती डाइव्ह केल्या हे सगळेच विचारतात. सोडा लाइम किती मिनिटे वापरला याची नोंद कोण ठेवतो, ऑक्सिजन मोजणारे सेल कोणत्या तारखेला बदलले, आणि मागे एखादा प्रसंग घडला तेव्हा त्याचा कागद कुठे आहे, हेही विचारा. यंत्र युरोपच्या ईएन 14143 या मानकानुसार तपासलेले आहे का, ते पाहा. ‘स्वतःच्या जबाबदारीवर’ असे लिहून घेतलेल्या कागदावर सही केली म्हणून निष्काळजीपणाचा गुन्हा पुसला जात नाही. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम 106 मध्ये निष्काळजीपणाने मृत्यू घडवल्यास पाच वर्षांपर्यंत शिक्षा आहे. मात्र निष्काळजीपणा सिद्ध करण्यासाठी कोरडा, न उघडलेला डबा लागतो.

अडीच वर्षांनी मी लॉगबुकातली ती ओळ वाचता येईल अशी एका रेघेने खोडली, खाली खरा प्रकार लिहिला आणि त्या दिवशीची तारीख घातली. सोडा लाइमच्या मिनिटांचा रकाना तेवढा कोराच ठेवावा लागला.