आई-बाबांच्या फोनमध्ये लग्नपत्रिकेचं एपीके शिरू नये म्हणून

व्हॉट्सअ‍ॅपवर ओळखीच्याच नंबरवरून 'लग्नपत्रिका', 'ई-चलान' अशा नावाची फाइल येते, शेवटी .एपीके असतं. ती पत्रिका नसतेच, अ‍ॅप असतं. ते टाकलं गेलं की एसएमएस, म्हणजे बँकेचे ओटीपीसुद्धा, चोराच्या हाती जाऊ शकतात.

घरच्यांना 'उघडू नका' असं बजावण्यापेक्षा हा रस्ताच बंद करून टाका. अँड्रॉइड फोनवर:

१. सेटिंग्ज उघडून वरच्या शोधपट्टीत 'अननोन अ‍ॅप्स' टाइप करा. (मेनूची जागा प्रत्येक कंपनीच्या फोनमध्ये वेगळी, त्यामुळे शोधणंच सोपं.)
२. 'इन्स्टॉल अननोन अ‍ॅप्स'च्या यादीत व्हॉट्सअ‍ॅपची परवानगी बंद करा.
३. क्रोम, टेलिग्राम आणि फाइल मॅनेजरचीही करा. फाइल मॅनेजर बहुतेक जण विसरतात आणि डाउनलोड झालेली फाइल तिथूनही उघडता येते.

प्ले स्टोअरवरून अ‍ॅप घ्यायला याने काहीच अडत नाही.

आलेली फाइल उघडायला गेलं की फोन 'परवानगी द्या' म्हणत पुन्हा सेटिंग्जमध्ये नेईल, तिथे बटण चालू करायचं नाही, हे मात्र घरी दाखवूनच ठेवा. अ‍ॅप आधीच टाकलं गेलं असेल तर लगेच फोनचं इंटरनेट बंद करा आणि दुसऱ्या फोनवरून बँकेला व 1930 या सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनला कळवा.