अंगणवाडीत बी पेरायच्या आधी काय काय बघायचं

पाऊस लागला की आपल्या सगळ्यांनाच लेकरांकडून बी पेरून घ्यायची हौस येते, घ्या की, पण बी खायच्या डब्यातलं घ्या. पेरणीच्या पिशवीतलं उरलेलं नाही. मागच्या वेळी मी "उद्या घरून बी आणा" एवढं सांगून मोकळी झाले आणि एका पोट्ट्यानं चड्डीच्या खिशातून मूठभर सरकी काढली, पऱ्हाटीच्या (कपाशीच्या) पाकिटातली, बोटं गुलाबी झालेली आणि त्याच बोटांनी नाक पुसणं चालू. साबणानं हात धुतले, खिसा उलटा करून धुतला, काही झालं नाही, पण संध्याकाळपर्यंत माझा जीव थाऱ्यावर नव्हता. तो रंग शोभेचा नसतो बाई, बियाण्याला थायरम, इमिडाक्लोप्रिड असलं बुरशी-किडीचं विषारी औषध लावलेलं असतं आणि ते नजरेस यावं म्हणून रंग. कृषी केंद्रातल्या भेंडी-काकडीच्या पाकिटालाही बरेचदा असतं, पाकीट वाचा. आणि रंग दिसत नाही म्हणजे औषध नाही असंही धरू नका, कोणाच्या बापानं घरीच काय चोळलं असेल सांगता येत नाही.

म्हणून लेकरांना आणायला लावूच नका, आपणच न्यायचं. मूग, मोट (मटकी), बरबटी (चवळी), मेथी. अख्खं, डाळ नाही (तूरडाळ पेरून आठ दिवस पाणी घालणारी ताई मी पाहिली आहे). सोयाबीनची उगवण चाचणी घरोघरी करतात ना, तसंच दहा दाणे ओल्या फडक्यात गुंडाळून आधी बघा, सात-आठ निघाले तर चालेल, नाहीतर जुनं धान्य असतं आणि लेकरं रिकाम्या कपाकडे बघत बसतात. सुरुवात मुगानं करा, दोन दिवसांत मोड दिसतो, तीन-चार वर्षांच्या लेकराला त्यापुढं धीर नसतो. पारदर्शक ग्लासात ओला कागद आणि काच-कागदाच्या मधे दाणा, मूळ खाली जाताना दिसतं, मग ग्लास आडवा करून ठेवा, दोन दिवसांनी मूळ पुन्हा खाली वळलेलं दाखवा, पोरं "ताई, हे वाकलं!" करून ओरडतात. हरभरा-वाटाणा लहानांच्या हाती मोकळा देऊ नका, नाकात घालतात, तिथं ओल धरून फुगतो आणि मग तालुक्याचा दवाखाना. कोणताही दाणा मोजून द्यायचा, मोजून परत घ्यायचा.

माती. आपली काळी माती नुसती भरली तर पाणी पडलं की चिखल आणि सुकली की खापर, कोंब वरच येत नाही. अर्धी माती, बाकी रेती आणि चाळलेलं जुनं शेणखत. तणनाशक मारलेल्या धुऱ्यावरची (बांधावरची) माती नको, काच-खिळे बघून घ्या. दह्याचे कप, करवंट्या, काहीही चालतं, बुडाला भोक पाडा. बी बोटाच्या एका पेराएवढंच खाली, पोरं कोपरापर्यंत दाबतात.

बिया गोळा करायला बाहेर नेणार असाल तर आदल्या दिवशी आपण एकटं जाऊन या. कुंपणाची चंद्रज्योत, लालकाळी गुंज, एरंडी, धोतरा, सगळं विषारी आणि नेमकं तेच पोरांना आवडतं, चंद्रज्योतीच्या बिया शेंगदाण्यासारख्या लागतात म्हणून खातात आणि उलट्या सुरू होतात. आणि हो, घरचे प्रेमानं "घ्या ताई, पिशवीतलं उरलंय" म्हणून आणून देतील. घ्यायचं नाही. सरपंचानं दिलं तरी नाही.

बाकी ठीकच. नावाऐवजी कपाला रंगीत दोरा बांधा, वाचता कुठं येतं. हात धुणं, साबण. पाणी झाकणानं, तांब्यानं नाही. उन्हाळ्यात हे करूच नका. कप उंच ओट्यावर, नाहीतर शेळ्या-कोंबड्या. रविवारी पाणी कोण घालणार ते शनिवारीच ठरवा, मदतनीस ताईला गृहीत धरू नका, तिचंही वावर असतं निंदायला.